दुपारचे तास

नागपूर,
२४ जुलै १९८६

तीर्थरूप बाईस,
धाकट्या देवरावचा सप्रेम जय भीम. विनंती विशेष.

कांता सुखरूप पोचली. घरात रुळली. आमचं बाळ तर दोन दिवसांतच तिच्या कडेवरून उतरेना. शकू म्हणते, पोरीनं चंद्रपूरला राहून बी.एस्सी. केलं, पण हाताला चव अजून पोंभुर्ण्याचीच आहे.

तिच्या पुढच्या शिक्षणासाठी मी स्वतः विद्यापीठातले सगळे विभाग फिरून आलो. तिला एम.एस्सी. करायचं आहे, तेही जीवरसायनात. तिथे दिवसभर रक्त आणि अ‍ॅसिड. पोरीच्या जातीला ते कसं झेपायचं, आणि उद्या स्थळ पाहताना आपण काय सांगायचं? मला इतिहास, तत्त्वज्ञान आणि मराठी हे विषय बरे वाटतात. त्यातही मराठीच. बाई, तू एवढी वाचणारी. वर्षावासात विहारात तू ग्रंथ वाचतेस तेव्हा सारी वस्ती ऐकायला बसते. तुझ्या लेकीनं मराठीत एम.ए. केलं तर ते तुझंच शिक्षण पुरं झाल्यासारखं होईल. तू दोन ओळी लिही. माझं ती ऐकत नाही.

लोभ आहे तो वाढता राहो.
तुझा भाऊ,
देवराव


पोंभुर्णा,
२९ जुलै १९८६

चि. कांतास,
आईचा आशीर्वाद आणि जय भीम.

इकडे धानाचा रोवणा जोरात आहे. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरते, तरी संध्याकाळी विहारात वाचायला बसते. परवा मी वाचत होते आणि कलाबाई पुढ्यातच घोरायला लागली. पत्रू म्हणाला, बाई जरा हळू वाचा, नाई तर बिचारीची झोप मोडल. सगळे हसले. मीही हसले. तुझे बाबा गेल्यापासून हसले की कोणी पाहिलं तर नाही ना, असं वाटतं. ते काही जात नाही.

मामाचं पत्र आलं. तू मराठी घ्यावं म्हणतो. खरं सांगते, वाचून माझा जीव हरखला. सुट्टीत तू पुस्तकं आणशील, मी वाचीन. मला शाळा तिसरीपर्यंतची. पुढचं सगळं तुझ्या मामाची पुस्तकं चुलीपुढे धरून शिकले. त्याला माझं मन कळतं, असं वाटलं.

पण रात्री विचार आला. बाबांच्या खाटेजवळ बसून तू म्हणाली होतीस की मी रक्ताचंच शिकीन. मग मन काऊन बदललं? एवढं लिही. आणि 'मी बरी आहे' असं लिहून पत्र संपवू नको. तुझं बरं असणं मी ओळखते.

जेवत जा.
आई


नागपूर,
४ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप आईस,
कांताचा जय भीम.

आई, माझं मन बदललं नाही. जीवरसायनाच्या यादीत माझं नाव लागलं आहे. फी भरायला सोळा तारखेपर्यंत मुदत आहे. तिथल्या सरांनी विचारलं, हाच विषय कशाला? मी बाबांचं सांगितलं. थंडीत सांधे धरायचे, डोळे पिवळे पडायचे, ते रात्रभर कण्हायचे. सर म्हणाले, हा आईबापाकडून येणारा रक्तातला दोष आहे, आपल्या भागात पुष्कळ घरांत आहे आणि पुष्कळांना त्याचं नावही माहीत नाही.

पण तिथली प्रात्यक्षिकं दुपारी असतात, संध्याकाळपर्यंत चालतात. मराठीचे तास सकाळी असतात. इतिहास आणि तत्त्वज्ञानाचेही सकाळीच. ते संपवून मी घरी आले की मामी शिकवायला जाऊ शकते, तिची शाळा दुपारची आहे. बाळाला सांभाळणारी बाई जूनमध्ये काम सोडून गेली. वसतिगृहाची यादी दिवाळीनंतर लागेल.

तू मामाला काही बोलू नको. ते वाईट नाहीत. बाळही गोड आहे, मला 'काता' म्हणतं.

तब्येतीला जप. मी बरी आहे.
तुझी,
कांता


पोंभुर्णा,
८ ऑगस्ट १९८६

चि. देवरावास,
बाईचा जय भीम.

तू सगळे विभाग फिरलास म्हणून लिहिलंस. मला वाटलं, विषय पाहिलेस. तू तास पाहिलेस.

तू लहान होतास, तुला आठवत नसेल. आपली आई सकाळीच शेताच्या धुऱ्यावर कामाला जायची. तुझी शाळा अकराची, म्हणून दहाला भात लागायचा. माझी शाळाही अकराचीच होती. आधी मी उशिरा जायची, मग गुरुजी उभं करायचे, मग मी गेलेच नाही. पण भातासाठी शाळा सोड, असं मला कोणी म्हटलं नाही. बाप सगळ्यांना सांगायचा, पोरीलेच घरकामाची आवड आहे. तू त्याच्या वळणावर गेलास. तो निदान माझ्या वाचनाचं नाव पुढे करत नव्हता.

कांताचे बाबा गेले तेव्हा वस्तीतल्या बायकांनी माझा पायगुण काढला. मी ऐकून घेतलं. बाप्या माणसाच्या रक्तात काय होतं, हे मला तरी कुठे माहीत होतं? आता माझ्या पोरीला ते कळणार आहे, तर तिनं त्या वेळेला तुझं बाळ खेळवायचं?

मंगळवारच्या एसटीनं मी येते. फी घेऊन येते. शनिवारच्या आत ती जीवरसायनाचीच भरायची. वसतिगृह मिळेपर्यंत मी तुझ्या घरी राहीन. बाळ मी सांभाळीन, भात मी शिजवीन. उरलेला रोवणा शेजारच्या कमळाला सांगितला आहे. विहारातलं वाचन पत्रूकडे दिलं. तो अडखळतो. यंदा लोक तसंच ऐकतील.

तुझ्यावर राग आहे. तो बाळावर काढणार नाही, भातावरही नाही.

शकूला म्हणावं, कोणाला किती वाजता काय लागतं ते कागदावर लिहून ओट्याजवळ चिकटवून ठेव. मला वाचता येतं.

लोभ मी शाळा सुटली तेव्हाही आवरला नव्हता.
तुझी,
बाई