पहिल्या बाकावरची शंका

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

क्लासमध्ये आज चाचणीच्या मार्कांवर बाकं बदलली. मी शेवटच्या बाकावरून एकदम पहिल्या बाकावर. घर्षणाची तीच जुनी शंका विचारली. मागून विचारायचे तेव्हा सर म्हणायचे, "टाइम नाही, पुढं चला." आज फळा पुसून पहिल्यापासून समजावलं. नावसुद्धा विचारलं.

भूकंपानंतर गावची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. तिथं बाई आधी मागं यायच्या. "तुमाला कळलं का? मग पुढच्यांना कळलंच असंल."

आज क्लासमध्ये माझ्यानंतर माझ्या जुन्या जागेवरून रेश्मानं हात वर केला. सर म्हणाले, "टाइम नाही."

मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण राग यायलाय. सरांना इतकं छान समजावता येतं. इतके दिवस येत होतं.