खर्रा आणि धानाचा वास

करडी, गुरुवार संध्याकाळ

जमलं! कीड लागली की जिवंत धानातून सुटणारा वास माझ्या यंत्रानं आज बांधावरच, तिथल्या तिथं मोजला. इतके दिवस पडद्यावरची रेघ उगाच उसळायची. नागपूरचे सर म्हणायचे, यंत्रच बिघडलंय. बिघडलंय कसलं! बाबा शेजारी उभे राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचे, त्याचाच वास ते हुंगत होतं. मला आधी कसं सुचलं नाही?

आज खर्रा घरीच ठेवायला लावला. रेघ शांत. मग रोपावर अळी सोडली. कुरतडलेलं पान डोळ्यांना दिसायच्या आधीच रेघ चढली!

बाबा बघतच राहिले. "पोरी, धान बोंबलून राहिला नं वं!"

म्हटलं, "बाबा, आता जा घरी, खा खर्रा."

"कायचा खर्रा! तू आणखी एक अळी सोड."