चांदण्यात तोडलेला माणगा

४ डिसें., मुळगाव
नवा बांबू आज हातात बसला. आमच्या बांबूच्या बेटातला, माणगा जातीचा, सरळसोट. दसऱ्यानंतरच्या पौर्णिमेला तोडून पडवीत वाळत ठेवला होता. दोरी पार केली, गवताच्या उडवीवर आपटलो, पाठ सोलली. बरं वाटलं. धावत येऊन बांबू खड्ड्यात ठोकला की कुणाच्या तरी थोबाडीत दिल्यासारखं वाटतं.
खेळाच्या सरांनी मोबाइलवर फोटो दाखवला. शंभर वर्षांपूर्वीचा नॉर्वेचा उडीवाला, हातात बांबूच. मी त्याचं नाव नॉर्वेकर ठेवलं. सर म्हणाले, "जानेवारीत पोल व्हॉल्टच्या संघाची निवड. निवडला गेलास की फायबरचा पोल मिळेल. तोवर तू आणि हा एकाच काळातले."

११ डिसें.
सगुणशी जुंपली. बेट त्यांचं नि आमचं सामायिक. हा चुलतभाऊ म्हणतो, विचारल्याशिवाय तोडलास कसा. "परत बेटात दिसलंस तर तुझ्या दांड्याचे दोन तुकडे करतलंय!" मी कॉलर धरली. वासूकाका, त्याचे वडील, मध्ये पडले. त्यांचं भलतंच. तोडला त्या दिवशी सांगितलं तेच, "चांदण्यात माणगो तोडूचो न्हय रे. अवसेक तोडतत." मला हसू आलं. म्हातारा!

२७ डिसें.
वर असताना मोडला. कडाड. पाय आभाळात नि हातात अर्धाच. खांद्यावर पडलो. एक चिरफळी मांडीत घुसली, ओढून काढली. रक्त बुटात. डोक्यात एकच नाव.
मोडका बुंधा घेऊन तडक सगुणच्या घरी. जेवत होता.
"कुणी कापला?"
"काय कापलो?"
तेवढंच ऐकलं. पहिला फटका पाठीत. दुसरा डोक्यावर, त्याने उजवा हात आडवा घातला. हाडाचा आवाज बांबूसारखाच आला. वहिनीने गरम पेजेचं टोप माझ्यावर ओतलं. मान भाजली. तरी मारत होतो, शेजाऱ्यांनी ओढून काढेपर्यंत.

२८ डिसें.
वासूकाका आले. वाटलं, कोयता घेऊन आलेत. हातात बांबूचा वरचा तुकडा होता. पायरीवर आपटला. आतून पिवळट पीठ सांडलं. सगळीकडे बारीक भोकं.
"भुंगो. चांदण्यात तोडल्यार लागता. मी सांगलेलंय तुका."
तुकडा तिथेच टाकून मुलाकडे परत गेले. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. लाज वाटते. आणि खरं लिहायचं तर राग अजून उतरलेला नाही. आता तो काढू कुणावर?

२ जाने.
सगुणच्या हाताला प्लास्टर. बंद असलेले खनिजाचे ट्रक कालच सुरू झाले, त्याच्या ट्रकवर दुसरा ड्रायव्हर. पोलिसांत जबाब द्यायचाय त्याने. केस झाली तर निवड विसर, सर स्पष्ट म्हणाले. आई ताट ठेवते नि जाते.
नॉर्वेकर, तुझे किती मोडले रे? नि कुणाला हाणलंस? फोटोत नुसती उडी दिसते.

९ जाने., अमावस्या (अवस)
दुपारी बेटात गेलो. नवा तोडायला, खोटं कशाला लिहू. सगुण आधीच तिथे. डाव्या हातात कोयता. मी थांबलो. पळायचं नाही, हातही आडवा घालायचा नाही, असं ठरवून उभा राहिलो.
त्याने पाठ फिरवली आणि एक माणगा तोडायला लागला. डाव्या हाताने, वाकडेतिकडे घाव, शिव्या देत, रडत. पडला तसा माझ्या अंगावर ढकलला.
"घे. ह्येका भुंगो लागलो, तर परत येवन मार माका."
"जबाब?" मी विचारलं.
"फाल्यां सकाळी." आणि निघून गेला.
उद्या सकाळी काय सांगणार, ते विचारायचं धाडस झालं नाही.
बांबू अंगणात पडलाय. ओला, जड. वाळेपर्यंत निवड होऊन जाईल. काका कुंपणाशी येऊन बघून गेले, आत आले नाहीत. आणून टाकल्यापासून मी बांबूला हात लावलेला नाही.