बापूरावांचं पिवळं पिल्लू

मिरजगाव, रविवार दुपार

ती. महेंद्र दाजींना रंभाजीचा नमस्कार, आणि जयाताईकडे आशीर्वाद मागतो.

तुमचा गुडघा कसा आहे? ताईचं पथ्य चाललंय, की तुम्ही आणलेली भजी तीच संपवते? आम्ही सगळे बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. (फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं पलीकडच्या गल्लीपर्यंत जातं. आणि पोस्टात हयात गेलेल्या माणसाने पत्र लिहिलं नाही, तर कोणी लिहायचं?)

आमचे बापूराव तुम्ही पाहिलेत. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव. अकरा वर्षांपूर्वी हायवेवर एका आंध्राच्या ट्रकवाल्याने मला दिलं होतं. पुढे शेजारचे गोरक्षनाथ पुण्याला राहायला गेले, तेव्हा त्यांचं तसलंच कासव आमच्याकडे आलं. ते लहान आणि लाजाळू, म्हणून त्याचं नाव सोनाबाई ठेवलं. तर दाजी, जूनमध्ये बापूरावांनी शेवग्याखाली खड्डा केला आणि चार अंडी घातली. मी खुर्चीत बसून डोळ्यांनी बघितलं. अकरा वर्षं ज्यांना अहो-जाहो केलं, त्या बाई निघाल्या. हिशेबाने सोनाबाई बुवा ठरले. मला दोन दिवस चहा गोड लागला नाही.

पण तो धक्का काहीच नव्हता. दिवाळीच्या आधी पिल्लं बाहेर आली. तीन काळी-पिवळी, आईसारखी. चौथं मात्र अंगठ्याएवढं, ताज्या लोण्याच्या रंगाचं, आणि डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल. आमच्या सौ. आक्काबाईने लांबूनच सांगून टाकलं, "ह्याला कावीळ झालीय." लगेच काविळीचं झाडपाल्याचं औषध आणायला निघाली होती, सूनबाईने अडवली. (अडवली, आणि त्याच हाताने फोटो काढून स्टेटसला ठेवला. अश्विनीला मी काही बोललो नाही. सुनेला बोलून घरात कोण राहील?)

दुसऱ्या दिवसापासून अंगणात माणसं. पाथर्डीपासून जीप भरून आले, दाजी. कोणी नारळ आणला, कोणी हळद वाहिली. आधीच पिवळं, त्यावर हळद, त्यामुळे पिल्लू कुठे संपतं आणि भक्ती कुठे सुरू होते तेच कळेना. लोक नीट दिसावं म्हणून त्याला उन्हात धरायचे, आणि ते डोळे गच्च मिटून मान आत ओढायचं. गाईला बघायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी दाखवलं. ते म्हणाले, आजार नाही, अंगात रंगच तयार होत नाही, जन्मापासूनचं आहे. ऊन त्याला सोसणार नाही. मग गाईकडे बघत हळूच म्हणाले की, ही जात घरात पाळणं गुन्हा आहे, तुरुंगसुद्धा होतो. सदतीस वर्षं ज्याने दुसऱ्याचं पाकीट फोडलं नाही, तो मी अकरा वर्षं गुन्हेगार होतो आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं.

तरी मी गप्पच होतो. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण शुक्रवारी एक मोटार आली. उतरलेल्या माणसाने पिल्लाला पालथं करून पोट बघितलं, जसं आपण बाजारात वांगं बघतो, आणि चपलेच्या खोक्यात घालायला निघाला. ते चार पाय हवेत हलवत होतं. मी त्याच्या हातातून ते काढून घेतलं, त्याला हाकललं, आणि स्वतः वनखात्याला फोन लावला.

मोनिका नावाची एक तरुण वनरक्षक आली. पंचनामा लिहिताना तिने विचारलं, हे कुणाचं? माझ्या मनात उत्तर तयार होतं की, आपोआप अंगणात आलं. पण तोंडातून निघालं, "माझं." तिने लिहिता लिहिता वर बघितलं. म्हणाली, "काका, फोन तुम्हीच केलात हे मी लिहिते. पुढचं साहेब ठरवतील." सहाही जणांना ओल्या गोणपाटावर ठेवून घेऊन गेली. आक्काबाई तेव्हापासून रडते आहे, जेवत नाही, सारखी शेवग्याखाली जाऊन बसते. बायकांचं मन हळवं. मला विचाराल तर सुटलो. अंगण स्वच्छ झालं.

तुमचा,
रंभाजी

ता. क. केसची काळजी करू नका, इकडे येऊ नका.

ता. क. दुसरा. त्यांना ठेवलंय ते वनखात्याचं केंद्र तुमच्या संगमनेरच्या घरापासून जवळच आहे. गुडघा बरा असेल तर एकदा जाऊन याल का? पिवळं पिल्लू जास्वंदीचं फूल खातं. बारीक तुकडे करून, सावलीत. डोळे उघडतं का, तेवढं बघा.

ता. क. तिसरा. आक्काबाई दोन वेळा पोटभर जेवते. शेवग्याखाली मी बसतो. उत्तर घरी पाठवू नका, पोस्टात माझ्या नावाने ठेवायला सांगा.