सुविधाच्या अर्जावरचे उत्तर

बेळगाव, बुधवार

सौ. तानीबाई हिस सप्रेम जयभीम.

मी येथे सुखरूप आहे. गुडघाही दुखत नाही. तुझा दमा कसा आहे? सुविधा शेजारीच असल्याने फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून लिहीत आहे. चष्मा लावून स्वतः वाचावे.

आपल्या या नातीने उद्यमबागेतील कारखान्यातली कायमची नोकरी नाकारली. आपल्या बोरगावातील बिडी वळणाऱ्या बायकांना घेऊन कापडी पिशव्यांचा धंदा काढीन म्हणते. विद्यापीठ निवडक मुलांना त्यासाठी जागा व शिलाई यंत्रे देते. आज पालकांनाही बोलावले होते. तेथील प्राध्यापक बाईंनी मला विचारले, "धंदा बुडाला तर नातीला काय म्हणाल?"

मी उभा राहून सांगितले, "आमच्या घरात कोणी बुडत नाही."

सुविधाचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "अपयश पचवायची ताकद मुलांना घरातून मिळते. विचार करून उद्या दहापर्यंत अर्जावर लिहून द्या." निवड आता त्यावर अडली आहे.

परतताना रस्त्यात मी सुविधाला फार टाकून बोललो. ती एवढेच म्हणाली, "आज्जा, तुमी रागावला न्हाईसा. तुमी भ्यालाय."

प्रथम संताप आला. पण तिचे म्हणणे खरे आहे. हे तू कोणास सांगू नयेस.

आताच अर्जावर लिहिले, "धंदा बुडाला तर सरळ घरी यावे. जेवण तयार असेल."

जेवणाचे तुला न विचारता लिहिले आहे. तेवढे सांभाळून घ्यावे.

सिद्राम सत्याप्पा ढाले