धोंड्यावरचा एकशिंग्या

मास्तर,

परवा शाळेतून दोघं जण आले होते. हल्लीचे मुख्याध्यापक आणि एक तरुण बाई. मैदानातल्या रंगीत धोंड्याचा इतिहास स्मरणिकेत छापायचाय आणि सुरुवातीचं माणूस म्हणून आता मीच उरलेय, असं म्हणाले. 'धोंड्यावर चित्र काढणारी पहिली मुलगी' हेही त्यांनीच मला सांगितलं. मी चहा केला, ऐकून घेतलं. आनंद व्हायला हवा होता बहुतेक. झाला नाही, वाईटही वाटलं नाही. ते गेल्यावर कागद घेऊन बसले तर पहिला शब्द 'मास्तर' असा पडला, आणि स्मरणिका राहिली बाजूला.

त्यांना वाटतं, परंपरा म्हणजे कुणीतरी नारळ फोडून सुरू केलेली असते. आपल्याकडे तसलं काही झालं नव्हतं. मैदान सपाट करताना रस्त्याच्या अंगाला तो काळा धोंडा लागला. पोरांनी पहारी लावल्या, एकाच्या बैलजोडीने ओढून पाहिलं, धोंडा ढिम्म. संध्याकाळी हुतुतू खेळताना रोज कुणाचा तरी गुडघा फुटायचा. तुम्ही चित्रकला शिकवणार, तुमचा उपायही तसाच. "हलत नाही ना? मग दिसेल असा करा." पोरांनी चुना फासला. पांढरं दिसल्यावर त्यांचे हात शिवशिवायला लागले, तेव्हा तुम्ही नियम घातलात. जो मॅट्रिकला बसणार त्यानेच काढायचं, आपल्या घरचं काहीतरी एकच, आणि नाव लिहायचं नाही. पुढच्या वर्षीच्यांनी त्यावर चुना मारून आपलं काढायचं. काटेवाडीकडून बारामतीच्या बाजाराला निघालेली माणसं गाड्या थांबवून ओळखायची, ही मोट पाटलाची, तो तराजू वाण्याचा. कुणाचं पोर परीक्षेला बसतंय हे घराआधी बाजारात कळायचं.

आमच्या वर्षी अकरावीत मुलगी मी एकटी. आमच्या वडिलांना सगळा गाव तात्या म्हणायचा, आम्हीही तेच म्हणायचो. तात्यांनी माझी सोयरीक ठरवून टाकली होती, परीक्षेच्या आधीचा मुहूर्त धरून. "शिकली तेवढी रग्गड झाली. बारामतीला जाऊन पेपर लिवायचं काय नडलंय?" मी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, मास्तर, परीक्षेला नाही बसत, पण धोंड्यावर चित्र तेवढं काढू द्या. तुम्ही साऱ्या वर्गादेखत मला फटकारलंत. "बसायचं असेल तर काढ. नाहीतर धोंड्याला हात लावायचा नाही. रंगपंचमी आहे काय ही?" फार लागलं मला ते. त्याच रागात गेरू कालवला आणि आमचा एकशिंग्या काढला, तांबडा, डावं शिंग मोडलेला. तात्यांचा त्या बैलावर जीव. आमच्यावर होता त्यापेक्षा अंमळ जास्तच.

पोरांनी त्या वर्षी दीडशहाणपणा केला. गवंडी चुन्यात गूळ घालतात म्हणून त्यांनी रंगात डिंकाऐवजी काकवी ओतली. गुऱ्हाळं चालू होती, काकवीला तोटा नव्हता. गुऱ्हाळावर आमच्या उसाची पाळी अजून यायची होती, म्हणून मी आपलं बाभळीच्या डिंकावर भागवलं. यात माझी हुशारी काही नाही. सकाळी येऊन बघतो तर धोंड्यावर मुंग्यांच्या रांगा, आणि मोट, तराजू, नांगर सगळं शेळ्यांचा एक कळप चाटून चाटून पुसतोय. राहिला फक्त एकशिंग्या. तुम्ही हसून हसून खाली बसलात. तुम्हाला तसं हसताना मी तेवढंच पाहिलं. आणि दिवस नेमका बाजाराचा.

तात्या भर दुपारी आले. बाजारात कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, "तात्या, तुमचा एकशिंग्या मॅट्रिकला बसतुया म्हणं!" मी वर्गाच्या दारात उभी आहे. तात्या धोंड्यापुढे उभे राहून म्हणतात, "मास्तर, बैल माझा हाय. मला इचारलं न्हाय कुणी." तुम्ही चुन्याची बादली आणि कुंचा आणून त्यांच्या पायाशी ठेवता. "पुसून टाका, तात्या. तुम्ही पुसलंत की ती बसणार नाही." तात्या कुंचा बुडवतात, बैलाच्या तोंडापाशी नेतात. चुना खाली टपटप गळतोय. त्यांचा हात तिथंच थांबलेला. मग कुंचा बादलीत टाकून देतात.

"जित्या बैलावर पांढरं न्हाय फिरवायचं," ते म्हणाले. "दावणीला हाय त्यो अजून." आणि माझ्याकडे न बघता, "लगीन वैशाखात करू. बसू द्या तिला." जाताना मात्र एकदा वळले. "वशिंड लई बारीक काढलंय."

परीक्षा झाली. शेवटच्या पेपरानंतर तुम्ही म्हणालात, "निकाल लागला की पहिल्यांदा मला कळवायचं." मग तुम्ही सुट्टीला नरसिंहपूरला आपल्या घरी गेलात आणि मी वैशाखात इंदापूरला सासरी. तिथलं सगळं बरं होतं. माणसं चांगली होती, मुलं झाली, दिवस गेले. सांगण्यासारखं विशेष काही नाही.

स्मरणिकेसाठी शेवटी वेगळ्या कागदावर लिहून दिलं. त्यात काकवी आहे, शेळ्या आहेत, तात्या आहेत, तुम्ही आहात. वाचून त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, मी आपली बघत बसले. निकाल काय लागला हे त्यांनी विचारलं नाही. पहिली मुलगी म्हटल्यावर पासच झाली असणार, असं लोक धरून चालतात. हा कागद पाठवायचा प्रश्नच नाही, कपाटात साड्यांखाली राहील.

गणितात गेले, मास्तर. जूनमध्ये निकाल लागला आणि मागोमाग कळलं की ऊन लागल्याचं निमित्त होऊन तुम्ही त्याआधीच गेलात. मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, आता मास्तरांना सांगायला नको.