आत्याचं शेवटचं वर्ष

अकबा, जॉर्डन, ४ मार्च

ती. विदाद आत्यास,
सौसनचा सादर सलाम. वि. वि.

तुझ्या कानांना फोन मानवत नाही आणि माझा फोन मी परीक्षेपर्यंत कुलपात टाकलाय, म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती. फायनान्शियल प्लॅनरचा पेपर एप्रिलात आहे. त्याआधी एका खऱ्याखुऱ्या माणसाच्या पुढच्या आयुष्याचं नियोजन करून, त्याची सही घेऊन पाठवायचं असतं. गेल्या वर्षी मी यातच आपटले. यंदा तू माझी गिऱ्हाईक हो ना.

आत्या, हे काम विलक्षण आहे गं. आजपासून शेवटच्या वर्षापर्यंतचं माणसाचं जगणं एका कागदावर उतरतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. तुझी पेन्शन, ठेवी आणि मनात काय करायचं राहिलंय ते कळव. हसू नकोस.

लोभ आहेच, त्याला ओहोटी लागू देऊ नकोस.
तुझी सौसन


सल्त, ९ मार्च

चि. सौसन हिस,
निदालदादाचे अनेक आशीर्वाद.

आत्यानं तुझं पत्र वाचून दाखवलं आणि मी लगेच लिहायला बसलो. तुझी परीक्षा होईपर्यंत सांगणार नव्हतो. जानेवारीत अम्मानच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आत्याचा रोग यकृतात पसरलाय, वर्ष निघालं तरी खूप. आत्याला मी अल्सर म्हणून सांगितलंय. असलं काही मोठ्या माणसाला तोंडावर सांगतात का?

बाई मात्र काल शिडीवर चढून द्राक्षाचा वेल छाटत होती. दुखत असणारच, पण हूं नाही की चूं नाही. मी खाली शिडी धरून नुसता बघत राहिलो. कुठल्या मातीची आहे कोण जाणे.

तुझ्या कागदात शेवटचं वर्ष लागेल, म्हणून हे लिहिलं. वय नव्वद धर आणि मोकळी हो. रडून अभ्यास बुडवू नकोस.

कळावे, माया पातळ होऊ देऊ नये.
निदाल


अकबा, १५ मार्च

ती. दादास,
सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. नव्वद लिहिलं. खाली 'मला ठाऊक आहे तेवढं सगळं खरं' अशी माझी सही असते, तीही ठोकून दिली. आता नव्वदपर्यंत पैसे पुरायला हवेत, म्हणून आत्याला काय सल्ला दिला माहितीये? काटकसर कर, प्रवास टाळ. तिच्या मनात राहिलेली गोष्ट एकच होती, नाईल समुद्राला मिळते ते पाहायचं. माझी मलाच लाज वाटतेय. तरी कागद तिच्याकडे सहीला धाडलेत.

रागव, पण विसरू नकोस.
सौसन


सल्त, २१ मार्च

चि. सौसन हिस,
विदाद आत्याचे उदंड आशीर्वाद.

कागद मिळाले. सही केलेली नाही. नव्वद? काहीतरीच तुझं! निदाल जन्मभर माझ्याशी भांडला. अम्मानहून आलो आणि गडी मी म्हणेन त्याला मान डोलवायला लागला. माझ्या हातची मुलूखियाची खारट पालेभाजी निमूट जेवला. तेव्हाच मी समजले. मला सगळं ठाऊक आहे असं आता त्याला तूच सांग, म्हणजे पुन्हा भांडेल तरी. घर अगदी ओस वाटतं.

घाबरले नाही असं नाही. सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मग उठले, वेल छाटायचा होता.

शेवटचं वर्ष म्हणून पुढचं साल लिही आणि हिशेब पुन्हा मांड. बघ, तुझी आत्या एकदम किती श्रीमंत झाली! चाळीस वर्षं शाळेत नाईलचं मुख शिकवलं, डोळ्यांनी कधी पाहिलं नाही. तुमच्या अकब्याहून इजिप्तला बोट जाते म्हणे. तू पेपर देऊन मोकळी हो, मी येतेच.

नापास झालीस तर गाठ माझ्याशी आहे.
विदाद आत्या


रशीद, इजिप्त, २ मे

ती. दादास,
सलाम. वि. वि.

खरं साल लिहिलं, आत्यानं सही केली, पेपरही झाला. निकाल यायचाय, पण आज त्याची आठवणही होत नाही.

नावाड्यानं आम्हाला थेट मुखापाशी नेलं. दादा, इतकं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. नदी संपते कुठे आणि समुद्र लागतो कुठे, काही कळत नव्हतं. आत्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "सौसन, फळ्यावर मी हे फारच लहान काढत होते गं."

तुझी,
सौसन